डॉक्टर नाही, सिस्टरही नाही. मग ही कोण?

"रक्ताच्या गाठी पडतात का हो, मावशी? केवढ्या? बोराएवढ्या की लिंबाएवढ्या?"

माझी मावशी क्षणभर गप्प बसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "चिकूएवढ्या."

भांडुपहून त्या खासगी रुग्णालयात येईपर्यंत तिचं दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. 'अंगावरून फार जातं' एवढं सांगितलं की दोन्हीकडे पुढचं ठरलेलं होतं: वय किती, मुलं किती, मग काढून टाका पिशवी. गाठी केवढ्या पडतात, रात्री कितीदा उठावं लागतं, हे कुणी विचारलं नव्हतं. 'दिवसाला किती पॅड लागतात?' असं एकाने विचारलं होतं, पण मावशी पॅड वापरतच नाही. ती जुन्या सुती साडीची घडी घेते. तिने आपलं सांगून टाकलं, "लागतात तीन-चार." त्या तीन-चारवरून कागदावर 'मध्यम रक्तस्राव' असं लिहिलं गेलं.

इथे विचारणारी मुलगी पंचविशीची असेल. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, पण ते उलटं फिरलेलं. तिने मावशीच्याच केसपेपरच्या पाठीमागे एक पेरू काढला, उलटा, देठ खाली. "ही पिशवी. हे देठाकडचं तिचं तोंड. पिशवीतच वाढलेली गाठ आतल्या बाजूला असली तर लहान असूनही खूप रक्त जातं. बाहेरच्या अंगाला असली तर लिंबाएवढी असून कळतसुद्धा नाही." मग रिपोर्ट बघितला. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ७.२. "लोहाच्या गोळ्या घेता ना? कशाबरोबर?"

"चहाबरोबर. नाहीतर विसरते."

दोन महिने रोज न चुकता घेतलेल्या गोळ्यांचं काय झालं ते तिथे कळलं. चहा लोह अंगाला नीट लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा आधी-नंतर तासाभराच्या अंतराने. एवढं बोलणं व्हायला वीसेक मिनिटं लागली. मग डॉक्टर मॅडम आल्या, तपासलं, सोनोग्राफी पाहिली आणि चार मिनिटांत सांगितलं की पिशवीला आज हात लावायची गरज नाही. आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू, रक्त वाढवू, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या देऊ. नाहीच भागलं तर तांबीसारखंच पण हार्मोन असलेलं एक साधन बसवता येतं. ऑपरेशन त्याच्याही पुढचं.

परतताना लोकलमध्ये मावशी म्हणाली, "पहिली डॉक्टरीणबाई किती चांगली होती. ती दुसरी जरा घाईत होती."

पहिली डॉक्टर नव्हतीच. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिच्या नावापुढे 'फिजिशियन असोसिएट' असं होतं. मावशीने विचारलं, म्हणजे कोण? सिस्टर? मी म्हटलं, नाही. शिकाऊ डॉक्टर? तेही नाही. मग तासभर प्रवासात मला ते नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

फिजिशियन असोसिएट किंवा फिजिशियन असिस्टंट, बोलताना 'पीए', म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली डॉक्टरचं काही काम करायला खास शिकवलेली व्यक्ती. लक्षणांचा पूर्ण इतिहास घेणं, प्राथमिक तपासणी, रिपोर्ट लावून ठेवणं, वॉर्डमधल्या रुग्णांवर रोज लक्ष, ऑपरेशनमध्ये मदत, घरी जाताना समजावून सांगणं, पुढच्या भेटींचा पाठपुरावा. निदानावर शिक्कामोर्तब आणि औषधाच्या चिठ्ठीवरची सही डॉक्टरची. सिस्टरचं शिक्षण शुश्रूषेचं असतं आणि ती स्वतंत्र, जुनी, भक्कम विद्याशाखा आहे. पीएचं शिक्षण डॉक्टरच्या शिक्षणाच्या साच्यातलं, पण आखूड. आपल्याकडे बारावी सायन्सनंतर पदवी आणि त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

ही कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय साहाय्यकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. युद्धकाळात जखमा बांधलेली, सलाइन लावलेली ही माणसं घरी आली होती आणि नागरी रुग्णालयांत त्यांच्या हातांना काम नव्हतं. दुसरीकडे गावोगावी डॉक्टर कमी पडत होते. १९६७ मध्ये तिघे उत्तीर्ण झाले. आज तिथे हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, परवान्याची परीक्षा आहे आणि या व्यवसायात बायकाच जास्त आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेने 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' नाव घेतलं. एका शब्दाची अदलाबदल, पण या नावावरून किती रामायण झालं ते पुढे येईलच.

भारतात पहिला अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईला मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला. त्यामुळे आपल्याकडचे पीए मुळात हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात वाढले. स्त्रीरोग विभागात ते अलीकडे दिसू लागलेत. कायद्याने नाव मिळालं ते २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात. त्याच्या अनुसूचीत हा व्यवसाय नोंदलेला आहे.

मुंबईला मात्र 'पूर्ण डॉक्टर नाही पण डॉक्टरचं काम करतो' हा प्रकार नवा नाही. जुन्या चाळींच्या तोंडाशी 'एल.सी.पी.एस.' अशी पाटी लावलेले दवाखाने ज्यांनी पाहिलेत, त्यांना आठवेल. तो एमबीबीएसपेक्षा छोटा, परवानापत्राचा अभ्यासक्रम होता. १९४६ च्या भोर समितीने ही दुहेरी व्यवस्था मोडून देशात एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा असं सुचवलं. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा प्रश्न तेव्हाही होता. आजही तोच आहे, फक्त पाटी बदलली.

आता स्त्रियांच्या आरोग्यात याचा संबंध कुठे येतो? माझं म्हणणं असं की दयाळूपणा हा स्वभावाचा भाग कमी आणि वेळापत्रकाचा जास्त असतो. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात सकाळची स्त्रीरोग ओपीडी एकदा बाहेरून बघा. नऊला केसपेपरची रांग, अकराला बाकावर जागा नाही, एका टेबलाला दोन रेसिडेंट डॉक्टर, त्यातली एक आदल्या रात्रीची प्रसूतिगृहातली ड्युटी करून तशीच बसलेली. पडद्याच्या अलीकडे पुढच्या तीन बायका उभ्या. "पाळी कधी आली? पांढरं जातं का? वास येतो का?" हे प्रश्न सगळ्यांना ऐकू जातात, उत्तरं त्याहून जास्त. ज्या बाईला नवऱ्याच्या मारामुळे रक्तस्राव झालाय, ती तिथे काय सांगणार? ती म्हणते, "बाथरूममध्ये पडले." त्या रेसिडेंटला मी निर्दयी म्हणणार नाही. तिच्याकडे बाईमागे काही मिनिटं आहेत आणि त्यात जीव वाचवण्यापुरतं जे लागतं तेवढंच ती विचारते.

स्त्रीरोगात तर निम्मं निदान इतिहासातच असतं. पाळी लांबली आणि एकाच बाजूला पोटात कळ येते, चक्कर येते, तर नळीत गर्भ राहिला असेल. ते तासाभरात जिवावर बेतू शकतं. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, मग तो कितीही थोडा असो, कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. पण बाई म्हणते "परत सुरू झाली वाटतं" आणि घरातले म्हणतात "उष्णता झाली असेल". या दोन्ही गोष्टी शांतपणे चार प्रश्न विचारले तर बाहेर येतात, घाईत येत नाहीत. पीएचं खरं मोल इथे आहे. ओपीडीतल्या पीएला पुढच्या ऑपरेशनला धावायचं नसतं, दर सहा महिन्यांनी बदलीही नसते. तीच मुलगी पुढच्या वेळी भेटते, 'चिकूएवढ्या' पुन्हा सांगावं लागत नाही.

डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या बायकांच्या हातून काय होऊ शकतं, याचा सर्वांत मोठा पुरावा याच शहरात आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, वीस वस्त्या. दहा वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी पिशवीच्या तोंडाची तपासणी, तीही साध्या ॲसेटिक ॲसिडने, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याच आम्लाने. बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, कुठे पांढरा डाग उमटतो का ते चांगल्या उजेडात बघायचं. प्रयोगशाळा नको, वीजही फारशी नको. हे करणाऱ्या आरोग्यसेविका दहावी झालेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. त्यांना काही संशयास्पद दिसलं की पुढचं सगळं टाटाचे डॉक्टर बघत. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये निकाल मांडला: तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

उरलेल्या दहा वस्त्यांतल्या बायकांना तपासणी न देता नुसती माहिती दिली गेली, यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती टीका मला पटते. त्या बायकाही इथल्याच होत्या. पण निष्कर्ष त्याने खोटा ठरत नाही.

या सेविका पीए नव्हत्या, हे स्पष्ट सांगायला हवं. पीएच्या मानाने त्यांचं शिक्षण फारच थोडं. त्यांना यश आलं कारण काम एकच होतं, नेमकं होतं आणि कुठे थांबून कुणाला हाक मारायची हे पक्कं ठरलेलं होतं. शिवाय त्या वस्तीतल्याच बोलीत बोलत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हाही मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्याच बंग दांपत्याने १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं होतं की दोन गावांतल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. न विचारलेल्या प्रश्नांचं ओझं केवढं असतं, ते त्या दोन आकड्यांत दिसतं.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये पीएंची संख्या वाढवली गेली, पण लोकांना कुणी समजावून सांगितलंच नाही. २०२२ मध्ये एक तरुणी पोटरी दुखते म्हणून दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला पीएने तपासलं आणि ती शेवटपर्यंत समजत होती की आपण डॉक्टरलाच दाखवलं. पायात रक्ताची गुठळी होती, ती फुप्फुसात गेली आणि ती तरुणी वारली. पुढे प्रचंड वाद झाला. डिसेंबर २०२४ पासून तिथल्या वैद्यकीय परिषदेने पीएंची नोंदणी सुरू केली. जुलै २०२५ मध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या अहवालाने सुचवलं की नाव परत 'असिस्टंट' करा, कपडे आणि ओळखपत्र वेगळं ठेवा, आणि निदान न झालेला नवा रुग्ण ठरवून दिलेली चौकट सोडून पीएसमोर बसवू नका.

यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 'आजार कुठला ते माहीत आहे, आता सांभाळायचा आहे' आणि 'काय झालंय तेच माहीत नाही' या दोन वेगळ्या जागा आहेत. बाळंतिणीचे टाके, गरोदरपणातलं वाढलेलं बीपी मोजणं, रक्त वाढवणं, तांबी बसवल्यानंतरची तक्रार ऐकणं, पाळी जाण्याच्या वयातली झोप आणि चिडचिड, ऑपरेशनआधीची भीती: इथे पीए सोन्यासारखी. पण बाळंतपणानंतर एकाच पायाला सूज आली, तर ती बाई आधी डॉक्टरकडे.

आपल्याकडे काही दारं कायद्यानेच बंद आहेत, आणि ते बरंच आहे. गर्भपात फक्त ठरावीक पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचा. सोनोग्राफीवर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचं कुंपण आहे, ती पीएने करायची नाही. 'मॅडम बिझी आहेत, मीच करते' असं कुणी या दोन बाबतींत म्हणालं, तर सरळ उठून बाहेर यावं.

समतेबद्दल बोलताना लोक एक सोपं चित्र उभं करतात: गावात डॉक्टर नाही, तिथे पीए पाठवा, झालं. मुंबईत ते चित्र उलटं आहे. मी आजवर पीए पाहिल्या त्या सगळ्या खासगी, महागड्या रुग्णालयांत. म्हणजे जिला डॉक्टर आधीच मिळतो, तिलाच वर आणखी वीस मिनिटंही मिळतात. भांडुपच्या मावशीसाठी आम्ही चार भावंडांनी पैसे काढले म्हणून ती तिथवर पोचली. तिच्या शेजारची, तिच्याचसारखं अंगावरून जाणारी बाई अजून पालिकेच्या बाकावर आहे. तिथे हेच काम तुकड्यातुकड्यांनी वाटलेलं: थोडं इंटर्न करते, थोडं सिस्टर, थोडं वस्तीत फिरणारी आरोग्यसेविका आणि उरलेलं ओपीडीतली आया, जिला सगळे मावशीच म्हणतात आणि जी 'बाई, घाबरू नको, श्वास घे' म्हणत तपासणीच्या टेबलापाशी हात धरून उभी असते. तिच्या त्या कामाला ना पद आहे ना पगार.

हे बदलता येतं, आणि या शहराने ते केलेलं आहे. कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडलं ते याच हट्टातून की बायकांना तपासायला बायका हव्यात. त्यासाठी डॉ. एडिथ पेची यांना इंग्लंडहून बोलावलं गेलं. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, २००० मध्ये, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र उभं केलं. मार खाऊन आलेल्या बाईशी दार लावून बोलायला तिथे शिकवलेल्या समुपदेशक बसतात. बाथरूममध्ये पडलेली बाई तिथे खरं सांगू शकते. दोन्ही वेळा व्यवस्थेने मान्य केलं की बाईचं ऐकून घेणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी माणूस नेमावा लागतो.

पालिकेने पीए नेमाव्यात का? नेमाव्यात, पण डॉक्टरच्या रिकाम्या जागा भरायला नव्हे. त्या जागा डॉक्टरांनीच भरायच्या. शिवाय सिस्टरना आणि सेविकांना आधी त्यांचं हक्काचं मिळू दे. हे म्हटलं की माझे काही डॉक्टर मित्र चिडतात आणि काही टाळ्या वाजवतात. दोघांचीही कारणं मला कळतात.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलंय की आपल्याला तपासणारी व्यक्ती कोण, तिची पात्रता काय आणि आपल्या उपचाराची जबाबदारी कुठल्या डॉक्टरवर आहे, हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. तपासणारा पुरुष असेल तर सोबत बाई हवी, हेही त्यात आहे. 'तुम्ही डॉक्टर का?' विचारणं उद्धटपणा वाटतो, विशेषतः आपल्या आईच्या वयाच्या बायकांना. मग असं विचारायचं: "ताई, तुमचं नाव काय? आणि मला बघणाऱ्या मोठ्या मॅडम कोण?" चांगली पीए याचं वाईट वाटून घेत नाही. त्या मुलीला मी दुसऱ्या भेटीत विचारलं तेव्हा तिने आधी उलटं फिरलेलं ओळखपत्र सरळ केलं आणि म्हणाली, "मी सांगते बऱ्याचदा. पण सगळे डॉक्टरच म्हणतात. दिवसाला किती जणांना दुरुस्त करू?"

अस्तराच्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. चार महिन्यांत मावशीचं एचबी १०.४ झालं. पिशवी जागेवर आहे. परवा तिने पुढची वेळ घ्यायला माझ्यासमोरच रुग्णालयात फोन लावला. समोरच्या मुलीने विचारलं, कुठल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट हवी?

"डॉक्टर नाही गं," मावशी म्हणाली, "ती असते ना मॅडमच्या आधी... पेरू काढून दाखवते ती."

पलीकडून उत्तर आलं की यादीत फक्त डॉक्टरांची नावं आहेत.